कांद्याच्या रोपवाटिकेचे दप्तर

देवळा तालुक्यात उन्हाळ कांदा हे मुख्य नगदी पीक होय, व त्याची सारी भिस्त रोपावर असते. असे असूनही रोपाच्या वाफ्यांचा लेखी हिशेब ठेवणारे बागाईतदार विरळाच. रोप पातळ झाले, तर दोष बियाण्याचा, मर रोगाचा की पाण्याचा, हे महिन्याभराने कोणासही सांगता येत नाही. सबब तीच चूक पुढील सालीही घडते.

यासाठी एक जाड वही पुरे. तिचे तीन भाग करावेत.

१. बियाण्याचे पान : वाण, विक्रेता, खरेदीचा दिनांक, लॉट क्रमांक व वजन लिहून पावती आणि पिशवीवरील टॅग तेथेच डकवावा. थोडे बी मूळ पिशवीत राखून ठेवावे. कांद्याचे बी अल्पायुषी असून साध्या साठवणीत त्याची उगवणशक्ती लवकर घटते. म्हणून पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या फडक्यात ठेवून सहाव्या व बाराव्या दिवशी अंकुर मोजावेत. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. घरचे बी असल्यास दुसऱ्या वाणाचा बीजप्लॉट किती दूर होता, हेही लिहावे. कारण मधमाश्यांमुळे वाणांचा संकर होतो व प्रमाणित बीजोत्पादनात ५०० मीटर अंतर राखावे लागते.

२. वाफ्याचे पान : प्रत्येक गादीवाफ्यास क्रमांकाची खुंटी ठोकावी आणि एका वाफ्यात एकाच लॉटचे बी पेरावे. पेरणीचा दिनांक, बियाण्याचे वजन, बीजप्रक्रिया, खत, पाणी व फवारणी त्या त्या दिवशीच नोंदवावी. रोप उगवलेच नाही की उगवून बुडाशी कुजून कोलमडले, हे वेगवेगळे लिहावे. पहिल्या प्रकारात उगवणचाचणीचा आकडा प्रथम पाहावा. दुसऱ्यात मर रोग व साचलेले पाणी यांचा संशय घ्यावा.

३. लागवडीचे पान : रब्बीचे रोप साधारणतः ५० ते ५५ दिवसांनी लागवडीस येते. उपटल्याचा दिनांक व कोणत्या वाफ्याचे रोप कोणत्या शेतात गेले, ते लिहावे. पुढे डेंगळे, जोडकांदे किंवा चाळीतील सड आढळल्यास त्याच ओळीपुढे नोंद करावी. म्हणजे काही महिन्यांनी दिसलेल्या दोषाचा माग थेट वाफ्यापर्यंत लागतो.

या दप्तराचा आणखी एक उपयोग आहे. बियाणे सदोष निघाल्यास शेतकऱ्यास ग्राहक म्हणून दाद मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात दिला. परंतु पावती, लॉट क्रमांक व उगवणीचा आकडा हाती नसल्यास तक्रार नुसत्या तोंडी बोलण्यावर कशी टिकावी?

सबंध रोपवाटिकेचे दप्तर एकदम जमत नसेल, तर येत्या हंगामी निदान दोन वाफ्यांपासून आरंभ करावा. सायंकाळी बारे देऊन झाल्यावर दहा मिनिटे वहीस द्यावीत, इतकेच काम आहे.