थंड पाण्यांतील नौकाविहार व पोशाख

गिरगांव चौपाटीवर समुद्रांत पाय बुडविणाऱ्या मुंबईच्या मुलास पाणी म्हणजे कोमटच असावयाचें, अशी सहज समजूत होते. कोलाडला कुंडलिका नदींत रबरी तराफ्यांतून वल्हीं मारीत जातांनाहि ती फारशी खोटी ठरत नाहीं. कारण तें पाणी सह्याद्रीवरील पावसाचें होय. परंतु हल्लीं मे महिन्याच्या सुटींत परळ-दादरचीं मुलें हृषीकेशला गंगेंत किंवा कुलूला बियास नदींत हाच खेळ खेळावयास जातात. तेथें ऊन कडक असलें, तरी नदींत वितळलेल्या हिमाचें पाणी वाहत असतें. म्हणून पोशाख निवडतांना हवेकडे न पाहतां पाण्याकडे पाहावें, हा पहिला नियम.

ह्याचें कारण असें. पाणी हें स्थिर हवेपेक्षां सुमारें २५ पट वेगानें उष्णता वाहून नेतें. १५ अंश सेल्सिअसहून थंड पाण्यांत एकाएकीं पडल्यास पहिल्या मिनिटांतच श्वास आवरेनासा होतो व नाकातोंडांत पाणी जाण्याचें भय असतें. पुढें हातपाय बधिर होतात. शरीराची स्वाभाविक उष्णता ३७ अंश असते. ती ३५ च्या खालीं उतरली कीं प्राणास धोका संभवतो.

सुती सदरा पाणी धरून ठेवतो व अंग गारठवितो. तो घरींच ठेवावा. लोकर भिजली तरी थोडीबहुत ऊब राखते. त्याहून उत्तम म्हणजे निओप्रीन नांवाच्या कृत्रिम रबराचा वेटसूट. त्या रबरांतील सूक्ष्म वायुकोश उष्णता रोखतात, आणि आंत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेनें कोमट होतो. अर्थात् तो अंगास घट्ट बसला पाहिजे. पुढील वर्षींहि चालेल म्हणून मोठ्या मापाचा घेतल्यास थंड पाणी सारखें आंतबाहेर करीत राहतें. पाणी अतिशयच थंड असल्यास ड्रायसूट वापरतात. तो मानेशीं व मनगटांशीं पाणी अडवितो, परंतु स्वतः ऊब देत नाहीं. त्याच्या आंत लोकरी वस्त्र हवेंच.

ह्या सर्वांवर लाइफ जॅकेट, पट्टे नीट आवळून, घालावें. श्वास आवरत नसतां तोंड पाण्याबाहेर राखण्याचें काम तेंच करतें.

पालकांस एक विनंती. सहलीचे पैसे भरण्यापूर्वीं पाण्याचें उष्णतामान किती असतें व मुलाच्या मापाचा पोशाख मिळेल काय, हें अवश्य विचारावें. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मुलानें कांठावर बसून नदी पाहावी. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.