चुना नाही, तरी मंदिर पडत कसं नाही?

प्रश्न : सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर पाहून आलो. दगडांच्या सांध्यांत चुना नाही, असं तिथं कळलं. आमच्याकडे गोदावरीचा पूर ओसरला की जुन्या दगडी भिंती फुगतात. मग हे मंदिर कशावर उभं आहे? हेमाडपंतांची युक्ती तरी काय?
— एक वाचक, सायखेडा (ता. निफाड)

उत्तर : आधी हेमाडपंतांचं. हेमाडपंत म्हणजेच हेमाद्री, हे महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचे मंत्री, म्हणजे 13व्या शतकाच्या उत्तरार्धातले. गोंदेश्वर साधारण 12व्या शतकातलं मानतात. अंबरनाथचं शिवमंदिर तर शके 982 मधलं, म्हणजे इ.स. 1060चं. या बांधणीला नाव हेमाडपंतांचं मिळालं, हात मात्र आधीच्या पाथरवटांचे.

आता युक्ती. आपला काळा पाषाण कितीही दाबा, दाद देत नाही; पण वाकवायला गेलं की तडकतो. म्हणून सगळं ओझं सरळ खाली उतरवायचं. दगड नीट घडवून एकावर एक बसवले की वरचं वजनच त्यांना जागेवर धरून ठेवतं.

दगडी तुळई लांब झाली तर मधोमध मोडते, म्हणून मंडपात खांब जवळजवळ. खांबाच्या माथ्यावर बाहेर आलेले हस्त आणि ओझं पेलणाऱ्या आकृत्या, म्हणजे कीचक, दिसतात. ते नुसते शोभेचे नाहीत. हस्त जितका पुढे येतो, तितकी तुळई आधाराविना कमी राहते.

छताची गंमत मंडपात उभं राहून वर पाहिलं की कळते. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकले की आत लहान चौकोन उरतो. त्यावर पुन्हा तसेच. शेवटचं भोक एका शिळेनं झाकायचं. घुमट असेल तर दगडांचं प्रत्येक कडं खालच्यापेक्षा थोडं आत सरकवायचं. विटांच्या थप्पीत वरची वीट पुढे काढली आणि मागे वजन ठेवलं, तर ती पडत नाही, तसंच हे.

ओझं पेलायची दुसरी रीत कमानीची. इटलीत असिसी या टेकडीवरच्या गावात संत फ्रान्सिसचं चर्च 1228 मध्ये सुरू झालं, 1253 मध्ये त्याचा अभिषेक झाला. तिथले गवंडी कमानी उभारत. कमानीला मोठं अंतर झेपतं, पण ती आपले पाय सतत बाहेर रेटते. म्हणून जाड भिंती आणि बाहेरून टेकू लागतात. त्या बदल्यात प्रशस्त दालन आणि चित्रांना मोकळ्या भिंती मिळाल्या. 26 सप्टेंबर 1997च्या भूकंपात तिथल्या छताचा काही भाग चित्रांसकट कोसळला, चार जण दगावले. आपल्या रीतीत हा आडवा रेटा जवळजवळ नाही. मात्र ऐसपैस सभागृहही नाही. कलेला जागा मिळाली ती खांबांवर, छतावर आणि बाहेरच्या अंगावर.

राहिली तुमच्याकडची भिंत. दोन थरांमधला मातीचा भराव पाणी पितो आणि दगड बाहेर ढकलतो. जुन्या मंदिरांच्या जाड भिंतींतही पुष्कळदा भराव असतो, त्यामुळे छत गळलं किंवा सांध्यात पिंपळ रुजला तर त्यांचीही तीच गत होते. गोंदेश्वर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे. तिथं सांध्यात रोप दिसलं तर उपटू नका, मुळाबरोबर दगड हलतो. तिथल्या कर्मचाऱ्याला दाखवा.