परदेशी मुक्काम, लहान मुले आणि गोल बाजाराची यादी

रायपूरच्या मराठी घरातले कुणी दोन-तीन वर्षांसाठी परदेशी निघाले की पहिली खेप गोल बाजारात होते. तात्यापारा असो, बूढापारा असो की चौबे कॉलनी, मालवीय रोडवरून आत वळले की भांडी, मसाले, पूजेचे सामान, मुलांचे कपडे, जडीबुटी असे सगळे जवळजवळ मिळते. घासाघीस करायला वाव असतो आणि आजी-आजोबांच्या सूचना असतातच. यादी वाढत जाते, पिशव्या भरतात आणि निघायच्या आदल्या रात्री वजनकाट्यापुढे सामान काढायची वेळ येते.

बाजारातला खर्च हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत लहान खर्च आहे. खरे पैसे जातात ते कागदपत्रांत, मुलांच्या लसींत, सामानाच्या वजनात आणि तिथल्या पहिल्या तीन महिन्यांत. म्हणून आधी हे चार हिशेब मांडावेत आणि उरलेल्या पैशांतून बाजार करावा. खालचे आकडे आई-वडील आणि पाच व तीन वर्षांची दोन मुले असे कुटुंब धरून दिले आहेत. सरकारी शुल्क ठरलेले आहे. बाजारभाव अंदाजाचे आहेत, ते दुकानागणिक आणि हंगामागणिक बदलतील.

आधी कागद

पारपत्राचे (पासपोर्टचे) साधे शुल्क मोठ्यांना १,५०० रुपये आणि मुलांना १,००० रुपये आहे. आठ वर्षांखालील मुलांना नव्या अर्जावर १० टक्के सवलत मिळते, म्हणजे ९०० रुपये. चौघांचे ४,८०० रुपये झाले. तत्काळ हवे असेल तर प्रत्येकी आणखी २,००० रुपये, म्हणजे केवळ उशीर केल्याचा ८,००० रुपयांचा भुर्दंड. रायपुरातच प्रादेशिक पारपत्र कार्यालय आहे, तेव्हा नागपूरच्या खेपा घालायचे कारण नाही.

मुलांचे पारपत्र पाच वर्षांचेच असते. तीन वर्षांच्या मुक्कामात ते संपणार असेल तर निघण्यापूर्वीच नवे काढा. अर्जासोबत आई-वडील दोघांच्या सहीचे संमतिपत्र लागते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, दुसरे काही चालत नाही. दाखल्यावर मुलाचे नाव चढलेले आहे ना, आई-वडिलांच्या नावांचे स्पेलिंग पारपत्राशी जुळते ना, हे आधी तपासा. ‘बेबी ऑफ’ असा दाखला घेऊन निघालेल्या घरांची फार ओढाताण होते.

अनेक देशांत जन्मदाखला आणि विवाहदाखला अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचे सरकारी प्रमाणीकरण) करून मागतात. परराष्ट्र मंत्रालयाचे मूळ शुल्क एका कागदाला ५० रुपये आहे. त्यावर अधिकृत एजन्सीचे सेवाशुल्क पडते. कुणी एका कागदाचे काही हजार सांगितले तर पावतीवर शुल्क आणि सेवा वेगवेगळी लिहून मागा.

लसींची वही

सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस ९ ते १२ महिन्यांत आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत देतात. तिच्यात गालगुंडाची लस नसते आणि कांजिण्यांची लसही सरकारी वेळापत्रकात नाही. अमेरिकेतल्या शाळा बहुतेक ठिकाणी गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांचे दोन-दोन डोस मागतात. शिवाय पहिल्या वाढदिवसाआधी घेतलेला गोवराचा डोस तिथे धरत नाहीत. नवव्या महिन्याचा डोस वहीत असूनही मुलाला शाळेत प्रवेश अडतो तो यामुळे. जर्मनीत मार्च २०२० पासून पाळणाघर आणि शाळेसाठी गोवराच्या लसीचा पुरावा सक्तीचा आहे.

खासगी दवाखान्यात राहिलेल्या लसी पूर्ण करायला एका मुलामागे सहा ते आठ हजार रुपये धरा. दोन डोसांत काही आठवड्यांचे अंतर लागते, म्हणून निघण्याच्या तीन महिने आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. सगळ्या लसींची तारीखवार इंग्रजी यादी त्यांच्या सही-शिक्क्याने घ्या. या एका कागदाला फारसा खर्च येत नाही, पण तिथे पोहोचल्यावर त्याची किंमत कळते.

गोल बाजारात काय घ्यावे

तिथे मिळत नाही, फार महाग मिळते किंवा ज्याच्यामुळे मुलांना पहिले काही आठवडे घर घरासारखे वाटेल, एवढेच घ्या.

• तीन लिटरचा स्टीलचा कुकर: २,००० ते ३,००० रुपये. बुडाला इंडक्शनचा तळ हवाच, कारण तिकडच्या अनेक घरांत गॅस नसतो आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. दोन जादा रिंगा आणि शिट्टी सोबत घ्या.

• पोळ्यांचा तवा: ४०० ते ७०० रुपये. पोळपाट-लाटणे: ३०० ते ६०० रुपये.

• मिसळणाचा स्टीलचा डबा: ५०० ते ९०० रुपये.

• मेतकूट, भाजणी, नाचणीचे सत्त्व, हळद, तिखट, गोडा मसाला: १,५०० ते २,००० रुपये. आजारी पडलेल्या किंवा रुसलेल्या मुलाला मऊ भात-मेतकुटाइतके काही चालत नाही. तांदूळ तिथे मिळतो, मेतकूट सहसा मिळत नाही.

• मुलांच्या सुती बनियन, चड्ड्या, झोपायचे कपडे: ३,००० ते ४,००० रुपये. एक माप मोठे घ्या.

• पूजेचे छोटे सामान, धातूची मूर्ती, निरांजन, एक सणाचा कपडा: ५०० ते १,००० रुपये.

सगळे मिळून ८,२०० ते १२,२०० रुपये होतात. याच्या पुढे यादी जाऊ लागली तर थांबा.

थंडीचे जाड कोट इथे घेऊ नका. रायपूरच्या हवेला पुरेल असा कोट बर्लिनच्या जानेवारीत उपयोगाचा नाही, आणि मुलांना तो वर्षात आखूड होतो. ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्थांची दुकाने, जर्मनीत मुलांच्या वापरलेल्या कपड्यांचे बाजार असतात. तिथे चांगला कोट थोडक्यात मिळतो. अमेरिकेला जाणार असाल तर मिक्सरही नेऊ नका. तिथे वीज १२० व्होल्टची आहे, आपला २३० व्होल्टचा मिक्सर नीट चालत नाही.

काय मुळीच नेऊ नये

इथे चूक झाली तर पैसे तर जातातच, शिवाय विमानतळावर रडणाऱ्या मुलांना घेऊन उत्तरे देत बसावे लागते.

खसखस: संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया अशा आखाती देशांत तिच्यावर सक्त बंदी आहे आणि शिक्षा कडक आहे. सिंगापूरलाही ती नेता येत नाही. आपल्याकडे ती गोड्या मसाल्यात, अनारशांवर आणि डिंकाच्या लाडवांत असते. आजीने प्रेमाने दिलेल्या डब्यात ती आहे का, हे विचारून घ्या. मसाला कुटून घेत असाल तर त्यातून खसखस वगळायला सांगा.

सुके खोबरे आणि कापूर: दोन्ही पेट घेणारे पदार्थ मानले जातात. बॅगेत निघाले की काढून ठेवायला लावतात. कापूर लहान मुलाने गिळला तर झटके येऊ शकतात, तेव्हा तिथल्या घरातही तो हाताशी ठेवू नका.

तांदूळ, हरभरे, कढीपत्ता: प्रवाशाच्या सामानातून हे भारतातून अमेरिकेत नेता येत नाही. दुबराज किंवा जीराफूल तांदूळ कितीही आवडता असला तरी तो घरीच राहू द्या. पेढे, खवा, तूप यांना युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये बंदी आहे. ऑस्ट्रेलियात प्रत्येक खाद्यपदार्थ अर्जावर लिहून दाखवावा लागतो. लपवला तर दंड मोठा असतो.

काजळ: बाजारातल्या अनेक काजळांत शिसे सापडते. अमेरिकेत काजळ विकायला आणि आणायला मनाई आहे आणि लहान मुलांच्या रक्तातले शिसे तपासण्याची तिथे पद्धत आहे. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नका, इथेही नको.

बाळगुटीच्या पुड्या: डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. तिच्यातले वेखंड अमेरिकेत खाद्यपदार्थांत चालत नाही. त्याऐवजी ओआरएसच्या पुड्या, तापाचे औषध, थर्मामीटर आणि रोजच्या औषधांच्या चिठ्ठ्या ठेवा.

वजनाचा हिशेब

रायपूरहून जाणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. रायपूर ते मुंबई किंवा दिल्ली हे तिकीट वेगळे काढले तर देशांतर्गत नियम लागतो आणि माणशी साधारण १५ किलो सामान मिळते. पुढच्या विमानात, उदाहरणार्थ अमेरिकेला जाताना, अनेकदा २३ किलोच्या दोन बॅगा, म्हणजे ४६ किलो चालतात. माणशी ३१ किलोचा फरक पडतो. चौघांचे १२४ किलो झाले आणि किलोला ६०० रुपये धरले तरी ७४,४०० रुपये होतात. सगळी यादी बाजारातून सहा वेळा घेता येईल एवढी ही रक्कम आहे.

यावर दोन उपाय आहेत. एक, रायपूरपासून शेवटच्या गावापर्यंत एकाच पीएनआरवर तिकीट काढा, म्हणजे बहुधा आंतरराष्ट्रीय सामानाचा नियम रायपूरपासूनच लागू होतो. तिकिटावर तो छापलेला आहे का ते बघा. दुसरा, मुंबईपर्यंत रेल्वेने जा. सेकंड एसीत मोठ्या माणसाला ५० किलो, थर्ड एसीत ४० किलो सामान मोफत नेता येते आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मे.

रिकामी बॅगच चार किलोंची असते. तिच्यात १९ किलो उरतात. कुकर, तवा, पोळपाट आणि मसाल्यांत त्यातले सात-आठ किलो जातात. म्हणून स्वयंपाकाचे सामान एकाच बॅगेत बसवा आणि मुलांचे पहिल्या दोन दिवसांचे कपडे व औषधे हातातल्या पिशवीत घ्या.

तिथले पहिले तीन महिने

ब्रिटन: व्हिसाच्या अर्जासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो. मोठ्यांना वर्षाला १,०३५ पाउंड, मुलांना ७७६ पाउंड. चौघांचे तीन वर्षांचे १०,८६६ पाउंड होतात, पाउंड ११५ रुपये धरला तर जवळपास साडेबारा लाख रुपये. ही रक्कम कंपनी देणार का, हे नोकरीचे पत्र स्वीकारण्यापूर्वी विचारा आणि लेखी घ्या. इंग्लंडमध्ये बहुतेक घरांची अनामत जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याइतकी असते. सरकारी शाळा मोफत आहे आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना वर्षातले ३८ आठवडे, आठवड्याला १५ तास पाळणाघर मोफत मिळते.

जर्मनी: अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याची असते आणि ती तीन मासिक हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला कायद्याने आहे. सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुले जादा हप्त्याविना येतात. नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्यांना साधारणपणे बालभत्ताही मिळतो, २०२५ मध्ये तो दर मुलामागे महिन्याला २५५ युरो होता. पाळणाघरात जागा मिळायला मात्र वेळ लागतो, पत्ता पक्का होताच नाव नोंदवा.

अमेरिका: पाच वर्षांच्या मुलाला सरकारी शाळेची बालवाडी मोफत आहे. तीन वर्षांच्या मुलाचे पाळणाघर फार महाग पडते आणि आई-बाबा दोघेही नोकरी करणार असतील तर हाच घरभाड्यानंतरचा मोठा खर्च ठरतो. विम्यात मुलांसाठी पगारातून किती कापणार ते आधी विचारा.

आखाती देश: मुले बहुतेक खासगी शाळेतच जातात. सीबीएसईच्या भारतीय शाळा तुलनेने परवडतात. शाळेची फी कंपनी देते की पगारातून जाते, यावर घराचे सगळे गणित ठरते.

देश कोणताही असो, तीन महिन्यांचे भाडे आणि घरखर्च हाताशी असल्याखेरीज मुलांना घेऊन निघू नका. जमत असेल तर एकाने दोन महिने आधी जाऊन घर आणि शाळा बघावी.

पैसे कसे न्यावेत

परकीय चलन रोखीत एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नेता येते, बाकीचे फॉरेक्स कार्डावर ठेवा. भारतीय रुपये २५,००० पर्यंत जवळ बाळगता येतात. एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत बाहेर पाठवलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापत नाहीत. अनिवासी झाल्यावर इथले बचत खाते एनआरओ (अनिवासींचे इथल्या उत्पन्नासाठीचे खाते) करून घ्यावे लागते, ते राहून गेले तर पुढे अडचण होते. एनआरओ खात्यातल्या व्याजावर ३० टक्के करकपात होते, म्हणून तिकडची बचत एनआरई (परदेशी कमाईसाठीच्या) खात्यात ठेवा.

मराठीचा खर्च

याला फारसे पैसे लागत नाहीत. बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात मोफत मिळतात. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचे आहे, लंडनचे १९३२ पासूनचे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी टिकवणे रायपूरकरांना नवीन नाही. निघण्यापूर्वी तिथल्या मंडळाशी संपर्क करा. भाड्याचे घर, मुलांचे डॉक्टर, जुनी सायकल आणि कार-सीट यांची खरी माहिती तिथेच मिळते.

गोल बाजाराचा निकाल असा: दहा-बारा हजारांत बाजार उरका, लसींना पंधरा हजार काढून ठेवा, पारपत्रे वेळेवर करा आणि उरलेला पैसा तिथल्या पहिल्या तीन महिन्यांसाठी राखून ठेवा. नव्या देशात मुलांना सर्वांत आधी काळजीत नसलेले आई-वडील लागतात, बाकीचे सामान मागाहून घेता येते.