गजाचा भाव आणि तासाचा भाव : न्यूयॉर्क महापालिकेच्या एका संगणक कंत्राटाचा अभ्यास

कापडाच्या धंद्यात काम बाहेर देण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे सूत द्यायचे आणि विणाईची मजुरी मीटरवर ठरवायची. दुसरी म्हणजे माणसे रोजावर लावायची आणि दिवस मोजून पैसे द्यायचे. पहिल्या रीतीत वीज गेली, माग बंद पडला, कारागीर गावाला निघून गेला, तर त्याची झळ लूमवाल्याला बसते. दुसऱ्या रीतीत तीच झळ सूत देणाऱ्या व्यापाऱ्याला बसते. बाजारात दोन्ही रीती चालतात आणि आपापल्या जागी दोन्ही ठीक आहेत. परंतु मीटरवर ठरलेले काम अर्ध्यावर आले असताना रोजावर गेले आणि ताके तपासायला बसवलेला माणूसच लूमवाल्याशी मिळालेला निघाला, तर त्या व्यापाऱ्याची गादी किती दिवस टिकेल हे आमच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या महापालिकेत नेमके हेच घडले. ते प्रकरण आज आम्ही या पानावर घेत आहोत, कारण आपल्याकडच्या महापालिकाही आता संगणक, कॅमेरे आणि सॉफ्टवेअरवर मोठ्या रकमा खर्च करतात. रस्ता खराब झाला तर तो रिक्षावाल्यालाही दिसतो. सॉफ्टवेअर खराब झाले तर ते कोणाला दिसते? बिल मात्र आपल्याच घरपट्टीतून जाते.

गोष्ट 1998 पासूनची. न्यूयॉर्कच्या महापालिकेत कर्मचाऱ्यांची हजेरी कागदावर भरली जात असे. त्यात वेळ जाई, चुका होत आणि काम न करता तास लावले जातात अशी शंकाही असे. म्हणून हजेरी आणि पगाराचे तास संगणकावर नेण्याची योजना निघाली. तिचे नाव सिटीटाईम. सुरुवातीचा अंदाज सुमारे 6 कोटी 30 लाख डॉलर होता. पुढे हे काम एसएआयसी या अमेरिकेतील बड्या कंपनीकडे गेले. 2010 उजाडेपर्यंत योजनेचा आकडा 70 कोटी डॉलरच्या घरात पोहोचला होता, म्हणजे मूळ अंदाजाच्या दहापटीहून जास्त, आणि काम तरीही अपुरेच होते.

इथे एक गोष्ट इन्साफाने सांगितली पाहिजे. संगणकाच्या कामात खर्च वाढतो तो दरवेळी चोरीमुळेच वाढतो असे नाही. न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक खात्याचे पाळ्यांचे, रजेचे, जादा तासांचे नियम वेगळे आणि कामगार संघटनांचे करारही वेगळे. इतके सगळे एका यंत्रात बसवायचे म्हणजे शंभर गिऱ्हाइकांसाठी एकाच मापाचे सदरे शिवण्यासारखे आहे. मध्येच मागण्या बदलतात आणि नवे काम निघते. परंतु नेमकी हीच सबब लबाडाला सोयीची पडते. खरी वाढ कोणती आणि लावलेली वाढ कोणती, हे ओळखण्यासाठीच तर देखरेख असते.

देखरेखीची व्यवस्था न्यूयॉर्कने केली नव्हती असे नाही. पगार प्रशासन कार्यालयाने एसएआयसीच्या कामावर नजर ठेवण्यासाठी स्फेरियन नावाची दुसरी कंपनी पैसे देऊन नेमली होती. म्हणजे विणणारा वेगळा आणि ताका टेबलावर उलगडून तपासणारा वेगळा. कागदावर याहून चांगली रचना सापडणार नाही. या दुसऱ्या कंपनीमार्फत मार्क मेझर नावाचा सल्लागार 2004 च्या सुमारास आला आणि हळूहळू महापालिकेच्या बाजूने सगळा प्रकल्प तोच चालवू लागला. किती सल्लागार लागतात, कोणत्या कंपनीचे घ्यायचे, त्यांच्या तासांवर सही कोणी करायची, हे सगळे त्याच्या हाती आले. ज्या छोट्या कंपन्यांना त्याने काम मिळवून दिले, त्यांतील एक त्याच्या सासरच्या नातेवाइकाची होती. मिळालेल्या पैशाचा वाटा बनावट कंपन्यांच्या खात्यांतून फिरून परत मेझरकडे येई.

तिकडे एसएआयसीच्या बाजूने प्रकल्पप्रमुख जेरार्ड डेनॉल्ट हा होता. एसएआयसीने माणसे पुरवण्याचे मोठे पोटकंत्राट न्यू जर्सीच्या टेक्नोडाईन या कंपनीला दिले आणि सुमारे 45 कोटी डॉलर तिच्याकडे गेले. या माणसांच्या प्रत्येक तासामागे डेनॉल्टला दलाली मिळे. दलाली आमच्या बाजारातही असते, पण ती उघड असते आणि मालाच्या नगावर असते. इथे ती छुपी होती आणि तासावर होती. ज्याला तासामागे पैसे मिळतात, त्याला काम लवकर संपवण्याची घाई कशाला असेल? माणसे जितकी जास्त आणि वर्षे जितकी जास्त, तितकी कमाई जास्त. सुमारे 230 सल्लागार या कामावर होते आणि एकेकामागे महापालिकेला वर्षाला सरासरी 4 लाख डॉलरच्या आसपास बिल पडत होते.

2006 ची दुरुस्ती

या सगळ्यात आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा कागद 2006 सालचा आहे. तोपर्यंत करारात ठरावीक किमतीचा पाया होता, म्हणजे खर्च वाढला तर तो कंपनीने सोसायचा. 2006 मध्ये करारात दुरुस्ती झाली आणि इथून पुढचा वाढीव खर्च महापालिकेने सोसायचा असे ठरले. मेझर आणि डेनॉल्ट या दोघांनी मिळून ही दुरुस्ती घडवून आणली, असे पुढे सरकारी वकिलांनी न्यायालयात मांडले. मीटरचे काम रोजावर गेले ते इथे. दरोडा पडला नाही की तिजोरी फुटली नाही, करारातली काही कलमे तेवढी बदलली.

आमच्याकडे कोणी व्यापारी असा बदल कबूल करील का? करील, पण त्याबदल्यात काहीतरी मागून घेईल : भाव कमी कर, किंवा मुदत पक्की कर, किंवा निदान रोज किती मीटर उतरले ते दाखव. महापालिकेच्या वतीने असे कोणी मागितले नाही, कारण मागायला बसलेला माणूस तिचा नव्हताच. मूळ निविदा उघडते तेव्हा सगळे डोळे तिच्यावर असतात, वर्तमानपत्रे लिहितात, हरलेले ठेकेदार तक्रारी करतात. दुरुस्ती मात्र चौथ्या-पाचव्या वर्षी फायलीत गुपचूप येते. तेव्हा हरलेला ठेकेदार दुसरीकडे कामाला लागलेला असतो आणि ज्यांनी मूळ करार वाचला होता ते अधिकारी बदलून गेलेले असतात.

न्यूयॉर्कमध्ये महापौराखेरीज कंट्रोलर हा स्वतंत्र, लोकांनी निवडून दिलेला हिशोबनीस असतो. शहराचे करार त्याच्या कार्यालयात नोंदवावे लागतात आणि नोंदणीसाठी त्याला 30 दिवस मिळतात. इतका पहारा असूनही सिटीटाईमच्या वाढी वर्षानुवर्षे मंजूर होत गेल्या. एकेक वाढ सुटी पाहिली तर प्रत्येकीला काही ना काही कारण होते. सगळ्या एका ओळीत मांडून पाहणारा कोणी नव्हता. एसएआयसीच्या आतून 2005 मध्येच एकाने तक्रार केली होती की काम ठरावीक कंपनीकडे वळवले जात आहे आणि पैसे खाल्ले जात आहेत. कंपनीने तिची धड चौकशी केली नाही, हे तिने स्वतः 2012 मध्ये लेखी मान्य केले.

शेवटी आवाज उठला तो वेगवेगळ्या बाजूंनी. डेली न्यूज या वृत्तपत्राचे स्तंभलेखक हुआन गोन्झालेझ यांनी सल्लागारांच्या पगाराचे आकडे छापून या विषयाचा पाठपुरावा केला. नगर परिषदेत प्रश्न विचारले गेले. कंट्रोलर जॉन लिऊ यांच्या कार्यालयाने सप्टेंबर 2010 मध्ये एक लेखापरीक्षण जाहीर केले. त्याचा विषय लक्षात घेण्यासारखा आहे : एसएआयसीचे काम नव्हे, तर एसएआयसीवर देखरेख करणाऱ्या कंपनीवर पगार कार्यालयाने कितपत देखरेख केली, हा. डिसेंबर 2010 मध्ये पहिल्या अटका झाल्या. त्या वेळी सरकारी वकिलांचा आरोप 8 कोटी डॉलरच्या लुटीचा होता. पुढच्या वर्षी तपास वाढला आणि कंपनीला दिलेले 60 कोटींहून अधिक डॉलर जवळजवळ सगळेच या लबाडीने डागाळलेले आहेत, असे आरोपपत्रात आले. हा खटला उभा करणारे सरकारी वकील प्रीत भरारा हे मूळचे पंजाबातील फिरोजपूरचे. टेक्नोडाईनचे मालक पती-पत्नी मात्र 2011 मध्ये भारतात निघून आले, हा या प्रकरणाचा आपल्या देशाशी असलेला दुसरा आणि कमी अभिमानाचा संबंध.

मार्च 2012 मध्ये एसएआयसीने 50 कोटी डॉलरहून थोडी जास्त रक्कम भरण्याचे कबूल केले. त्यातील सुमारे 37 कोटी भरपाई होती, बाकीचा दंड. नोव्हेंबर 2013 मध्ये मेझर, डेनॉल्ट आणि मेझरचा तो नातेवाईक दोषी ठरले आणि एप्रिल 2014 मध्ये तिघांना प्रत्येकी 20 वर्षांची शिक्षा झाली. हजेरीची यंत्रणा मात्र अखेर चालू झाली आणि सुमारे 1 लाख 60 हजार कर्मचारी तिच्यावर आले. पाच-दहा मिनिटे उशिरा येणारा कारकून पकडण्यासाठी बसवलेल्या यंत्राने, यंत्र बसवणाऱ्यांचे तास कोणी मोजले नाहीत.

त्यानंतर न्यूयॉर्कने केलेली एक सुधारणा आम्हाला सगळ्यांत जास्त पसंत पडली, कारण ती साधी आहे. 2012 च्या स्थानिक कायदा क्रमांक 18 नुसार 1 कोटी डॉलरहून मोठ्या करारात मूळ रकमेपेक्षा 20 टक्के किंवा त्याहून जास्त वाढ झाली, तर महापौराच्या प्रशासनाने ती नगर परिषदेला कळवलीच पाहिजे. वाढ बंद करा असे कायदा म्हणत नाही. निवडून आलेल्या माणसांसमोर ती मांडा, एवढेच म्हणतो. वहीत उधारी एका मर्यादेपुढे गेली की मुनीम शेठला सांगतो, तसेच हे.

आपल्या महापालिकांत काय पाहावे

महाराष्ट्रात न्यूयॉर्कसारखा निवडून आलेला कंट्रोलर नाही. आपल्याकडे कराराच्या मंजुरीसाठी स्थायी समिती आहे आणि हिशोब तपासायला मुख्य लेखापरीक्षक आहे. ही रचना वाईट नाही, पण ती चालू असावी लागते. 2022 पासून पुढे काही वर्षे राज्यातील बहुतेक मोठ्या महापालिका प्रशासकाच्या हाती होत्या. मुंबईत आयुक्त हेच प्रशासक होते. म्हणजे आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून आपणच तो मंजूर करायचा. माणूस कितीही दियानतदार असो, मांडणारा आणि तपासणारा एक झाला की व्यवहार एका डोळ्याने चालतो. स्मार्ट सिटी योजनेत (2015) तर कामे महापालिकेबाहेरच्या स्वतंत्र कंपनीमार्फत झाली, त्यामुळे नगरसेवक आणखीच लांब राहिला. भिवंडी आणि मालेगाव त्या योजनेत नव्हते, परंतु पुणे, नाशिक, सोलापूरच्या व्यापाऱ्यांनी हा हिशोब जरूर काढून पाहावा.

मुंबई महापालिकेच्या सुमारे 12 हजार कोटींच्या कामांवरचा कॅगचा विशेष अहवाल मार्च 2023 मध्ये विधानसभेत मांडला गेला. त्यातील रस्ते आणि कोविडच्या खर्चावर खूप बोलले गेले. संगणक विभागाचे 159.95 कोटी रुपयांचे कंत्राट निविदा न मागवता दिल्याचा आक्षेपही त्यात होता. त्याची चर्चा दोन-चार दिवसांत विरली. सॉफ्टवेअरच्या बाबतीत असे वारंवार होते, कारण एकदा एका कंपनीची व्यवस्था बसली की दुसरी आणणे कठीण जाते आणि प्रशासन म्हणते, निविदा कशाला, काम तर यांनाच येते.

आमच्या बाजारात एका व्यापाऱ्याने हिशोबाचे सॉफ्टवेअर बदलायचे ठरवले, तेव्हा जुन्या पुरवठादाराने दहा वर्षांची खाती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जातील अशा स्वरूपात देण्याचे वेगळे पैसे मागितले. माल व्यापाऱ्याचा, कुलूपही त्याच्याच गोदामाला, आणि चावी पुरवठादाराच्या खिशात. महापालिकेच्या घरपट्टीच्या नोंदींचे असेच झाले तर रक्कम किती मोठी होईल याचा अंदाज करावा.

ज्याला आपल्या महापालिकेचे असे एखादे कंत्राट पाहायचे आहे, त्याने माहिती अधिकार कायदा, 2005 खाली अर्ज करावा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे "सर्व माहिती द्या" असे लिहिण्यात शब्द घालवू नयेत. मूळ कार्यादेश, त्यानंतरची प्रत्येक दुरुस्ती आणि मुदतवाढ, आजवर दिलेली एकूण रक्कम आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला कोणी सही करून दिला, इतके मागितले तर बहुतेक चित्र समोर येते. पैसे टप्पा पूर्ण झाल्यावर दिले की माणसांचे तास मोजून दिले, हे दुरुस्त्यांतच सापडेल. देखरेखीसाठी वेगळा सल्लागार नेमला असेल तर त्याच्या नेमणुकीचा आदेशही मागावा आणि त्या सल्लागाराचे बिल कोण मंजूर करतो ते पाहावे. व्यापारी गुपित आहे असे सांगून कागद नाकारले, तर अपील करावे. त्या कलमातच व्यापक जनहित असेल तेथे माहिती देता येते असे लिहिले आहे. आणि करार संपल्यावर नोंदी कोणाच्या ताब्यात राहतील व कोणत्या स्वरूपात परत मिळतील, हे कलम करारात आहे की नाही, ते दुसऱ्या अर्जात विचारावे, कारण पहिल्या अर्जाचे 150 शब्द एव्हाना संपलेले असतील.