बसलेला कोण, उभा कोण?

आठव्या हेन्री राजाचे चित्र तुम्ही शाळेत पाहिले असेलच. होल्बाइन नावाच्या चित्रकाराने ते काढले. पाय फाकवून, छाती पुढे काढून राजा उभा आहे. "मी कोण ते ओळखा!" असे जणू तो म्हणतो.

आज आपण दुसरे एक चित्र पाहू. ते आहे पेशव्यांचे, पण पुण्यात नाही. आपल्या लंडनमध्ये, युस्टन स्टेशनजवळच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात. झेरॉक्समध्ये रंग येत नाहीत, म्हणून ते शब्दांतच पाहायचे.

१७९२ साली जेम्स वेल्स हे स्कॉटलंडचे चित्रकार पुण्यात होते. पेशव्यांच्या दरबारी चार्ल्स मॅलेट हे इंग्रज वकील होते, त्यांचा वेल्स यांना आधार होता. चित्रात सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस बसले आहेत. सेवक मागे उभे आहेत. हेन्री उभा राहून मोठेपणा दाखवतो. आपल्याकडे मात्र मोठा माणूस बसतो, बाकीचे उभे राहतात. दरबारात बसायला जागा मिळणे हाच मान. कोण कोठे बसायचे, हेही ठरलेले असे.

कपडे पाहा. हेन्रीच्या अंगावर जाड, भरजरी कपडे आणि फर. इथे पांढरे, तलम वस्त्र. म्हणजे पेशवे साधे होते का? मुळीच नाही! तलम कापड महाग असे, आणि अंगावर मोत्यांचे दागिने आहेतच.

आता खरी गंमत. पेशवे तेव्हा अवघे अठरा वर्षांचे. जन्मानंतर चाळीस दिवसांतच त्यांना पेशवेपद मिळाले, आणि राज्याचा कारभार नानांनी सांभाळला. नाना तेव्हा पन्नाशीचे, अंगाने कृश, चेहरा लांबट. थाट पेशव्यांचा, पण निर्णय बहुतेक नानांचे. चित्रकाराने एकट्या पेशव्यांना रंगवले असते, तर हे आपल्याला कळलेच नसते. कारभारी धन्याच्या चित्रात शेजारी बसतो, यातच त्याचे वजन दिसते.

पुढे १७९५ च्या ऑक्टोबरात शनिवारवाड्यात वरच्या मजल्यावरून पडून पेशवे वारले. तो अपघात होता की त्यांनी स्वतःच उडी घेतली, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. वेल्सही त्याच वर्षी वारले.

शब्दार्थ: तलम – अगदी पातळ व मऊ. कृश – बारीक. वकील – इथे अर्थ, दुसऱ्या राज्याचा प्रतिनिधी. कारभारी – राज्याचे काम पाहणारा.

घरचा अभ्यास: आजी-आजोबांचा जुना, स्टुडिओत काढलेला फोटो शोधा. (पालकांनी मदत करावी, ट्रंक उघडावी लागेल!) त्यात कोण बसले आहे, कोण उभे आहे, कोणाच्या अंगावर काय आहे ते पाहा. पाच वाक्ये मराठीत लिहून पुढच्या शनिवारी वर्गात आणा.