शेकडेवारी आणि गाडीचा विमा : किमतीचा वाद कसा सोडवायचा?



शेकडेवारी शिकवताना आपण आंबे, पेन, साड्या घेतो. आज घरातल्या गाडीचं उदाहरण घेऊया. कारण इथे टक्का चुकला तर गुण जात नाहीत, पैसे जातात.

आयडीव्ही म्हणजे काय?

पॉलिसीवर 'आयडीव्ही' असा रकाना असतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर भरपाई या रकमेवरून ठरते. कंपनीच्या विक्री किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ती काढतात. प्रचलित तक्ता असा :

६ महिन्यांपर्यंत – ५ टक्के
६ महिने ते १ वर्ष – १५ टक्के
१ ते २ वर्षे – २० टक्के
२ ते ३ वर्षे – ३० टक्के
३ ते ४ वर्षे – ४० टक्के
४ ते ५ वर्षे – ५० टक्के

उदाहरण : गाडीची किंमत ८,००,००० रुपये, पॉलिसी सुरू होताना वय साडेतीन वर्षे. घसारा ३,२०,००० आणि आयडीव्ही ४,८०,०००. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा, म्हणजे इथे ३,६०,००० पेक्षा जास्त झाला, तर गाडी 'टोटल लॉस' धरतात.

आता बघा, हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून कोणी आयडीव्ही ४,००,००० लिहून घेतला, तर टोटल लॉसच्या वेळी ८०,००० रुपये कमी मिळणार. तेव्हा वाद घालून फारसा उपयोग नाही, कारण आकडा आपणच मान्य केलेला असतो.

पाच वर्षांवरची गाडी

खरा वाद इथे होतो. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो आणि किंमत कंपनी व ग्राहक यांच्या संमतीने ठरते. म्हणून नूतनीकरणाआधीच परवानाधारक सर्व्हेअरकडून गाडीचं स्वतंत्र मूल्यांकन करून घ्या. सोबत सर्व्हिसिंगची बिलं, किलोमीटरचा फोटो आणि त्याच मॉडेलच्या जुन्या गाड्यांचे चालू भाव ठेवा. 'मला वाटतं' यापेक्षा कागद जास्त बोलतो. मान्य झालेली किंमत कंपनीलाही बांधते. २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की नूतनीकरणाच्या वेळी किंमत मान्य करून हप्ता घेतल्यावर कंपनीला नंतर ती कमी होती असं म्हणता येणार नाही.

अपघातानंतर वाद झाला तर?

१. कंपनीच्या सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागा.
२. कोणती रक्कम का कापली, ते ओळीओळीने तपासा. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर साधारण ५० टक्के घसारा लागतो, काचेवर नाही.
३. पटत नसेल तर गाडी दुरुस्त होण्याआधी किंवा भंगारात जाण्याआधी स्वतंत्र सर्व्हेअरकडून तपासून घ्या. गाडीच हलली तर तपासणार काय?
४. त्या अहवालासह कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा.
५. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो.

'सर्व्हेअरने लिहिलं म्हणजे संपलं' असं अनेकांना वाटतं. तसं नाही. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा पुरावा असला तरी तो कंपनीवर किंवा ग्राहकावर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण त्याच्यासमोर ठेवायला आपल्याकडे तितकाच नेमका दुसरा अहवाल हवा.

मुलांसाठी स्वाध्याय

घरातल्या गाडीची किंवा दुचाकीची पॉलिसी पालकांसोबत बघा. आयडीव्ही लिहून घ्या. वरच्या तक्त्याने स्वतः काढा. दोन्ही आकडे जुळतात का? जुळत नसतील तर किती टक्क्यांचा फरक आहे?

पालकहो, मुलाने काढलेला फरक मोठा असेल तर पुढच्या नूतनीकरणाआधी कंपनीला फोन नक्की करा.