कॉइलचे निरोधक द्रव्य : निवडीचे दोन प्रश्न

उष्णता सोसणे आणि उष्णता वाहून नेणे हे दोन गुण भिन्न आहेत, हे विद्युत्-सामानाचा व्यापार करणाऱ्या आपण सर्वांनी प्रथम ध्यानी घ्यावे. ‘एच’ वर्गाचा माल म्हटला की १८० अंश सेल्सिअसची मर्यादा तेवढी कळते. उष्णता किती वाहील, हे कळत नाही. मस्कोव्हाइट अभ्रक सुमारे ५०० अंश सोसते. परंतु त्याच्या पापुद्र्यांतून उष्णता आरपार मंदपणेच जाते. दाट भाजलेली शुद्ध ॲल्युमिना वीज अडविते आणि उष्णता मात्र अभ्रकाच्या कित्येक पटींनी वाहते.

पाणी तापविण्याच्या नळीदार हीटरमध्ये कॉइलभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरतात, ती याच दुहेरी गुणासाठी. पूड सैल राहिली तर कणांमधील हवा उष्णता कोंडते आणि तार अकाली जळते. ही पूड ओलही शोषते. म्हणून नळीची टोके पक्की बंद हवीत, विशेषतः गोव्यासारख्या दमट हवेत.

यास्तव माल देण्यापूर्वी आम्ही ग्राहकास दोन प्रश्न विचारतो : कॉइल किती तापणार, आणि तिची उष्णता कोठे न्यावयाची? कॉइल जळाली तर तिची भरपाई होते. गेलेली पत परत येत नाही.